वाचक विचारतात : जुने गोवे, एका दिवसात

जुन्या गोव्याच्या सहलीबद्दल आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. बहुतेकांच्या हाताशी एकच दिवस आहे आणि यादीत सात चर्च, पणजी, मंगेशी, शिवाय संध्याकाळी मिरामार! उत्तरे देताना आम्ही यादी जरा कापली आहे. कापलेली ठिकाणे वाईट आहेत म्हणून नव्हे, उरलेली नीट पाहून व्हावीत म्हणून.

सावंतवाडीहून सकाळच्या बसने पणजीला येऊन संध्याकाळी परत जायचे आहे. गाडी नाही. जुन्या गोव्यात कुठून सुरुवात करावी? सगळे जण बॉम जेझसपासून करतात. (एक वाचक, सावंतवाडी)

सगळे जण तिथून करतात कारण गांधी सर्कलला बस थांबते आणि समोरच बॅसिलिका दिसते. पण हे शहर वसले ते नदीच्या अंगाने. गलबते मांडवीतून यायची, माणूस धक्क्यावर उतरायचा आणि व्हाइसरॉयच्या कमानीखालून आत शिरायचा. तुम्हीही तसेच शिरा.

पणजीच्या कदंब बसस्थानकावर जुन्या गोव्याची बस घ्या. फोंड्याला जाणाऱ्या बहुतेक बसही जुन्या गोव्यावरून जातात. कंडक्टरला एवढेच विचारा, "रायबंदरमार्गे का?" हो म्हणाला तर डाव्या खिडकीत बसा. पणजी सोडताच लागणारा लांबलचक बांध १६३३-३४ साली, लिन्हारिसचा काउंट व्हाइसरॉय असताना बांधलेला आहे. पोन्ते द लिन्हारिस म्हणतात तो हाच. एकीकडे मांडवी, दुसरीकडे खारफुटी आणि मिठागरांची जमीन. अंतर दहा किलोमीटरच्या आतबाहेर, वेळ साधारण पंचवीस मिनिटे.

गांधी सर्कलला उतरून आधी खाली, फेरीच्या धक्क्याकडे चालत जा. कमानीच्या नदीकडच्या तोंडावर वास्को द गामाचा पुतळा आहे. त्याच्या पणतूने, फ्रान्सिस्को द गामाने, स्वतः व्हाइसरॉय असताना १५९९ मध्ये ही कमान उभारली. आज दिसते ती १९५४ ची पुनर्बांधणी. कमानीतून वर येताना पायाखालचा रस्ता म्हणजे जुनी रुआ दिरेता, शहराचा मुख्य बाजाररस्ता. आता दोन्ही बाजूंना माड आणि झुडपे आहेत. डाव्या हाताला सेंट कॅजेटन लागते. रोमच्या सेंट पीटर्सच्या धर्तीवर बांधलेले हे चर्च गर्दीच्या वाटेवर नसल्याने शांत मिळते. घुमटाच्या बरोबर खाली, जमिनीत, झाकलेली विहीर आहे. आवाराजवळ काळ्या दगडाची एक चौकट एकटीच उभी दिसेल. आदिलशहाच्या वाड्याचे उरलेले दार म्हणून ती ओळखली जाते. दोन खांब, वर आडवी तुळई आणि बाजूला जाळीचे तुकडे, बस एवढेच. लोक तिच्यापुढून न थांबता जातात. दोन मिनिटे थांबून तिची घडण पाहा. आसपासच्या चर्चच्या दारांशी तिचे काहीच जुळत नाही.

पुढचा क्रम उन्हाने ठरवायचा. से कॅथेड्रलचे तोंड पूर्वेला आहे, म्हणून ते सकाळी. बॉम जेझसचे पश्चिमेला, म्हणून ते दुपारनंतर, जांभा दगड तापल्यासारखा लाल दिसतो तेव्हा. अंदाज असा धरा : साडेआठला पणजी सोडली तर नऊला कमान, साडेनऊला कॅजेटन, दहा ते पावणेअकरा से कॅथेड्रल, त्यानंतर बाराच्या सुमारापर्यंत शेजारचे सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्च आणि त्याच्या मठातले पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय. मग जेवण. दोनला बॉम जेझस, साडेतीनला सेंट ऑगस्टीनची टेकडी. सव्वापाचला पुन्हा गांधी सर्कल.

हा आराखडा बिघडतो तो संग्रहालयात. पंधरा मिनिटांत उरकू म्हणून आत गेलेला माणूस तासाने बाहेर येतो, आणि ते योग्यच आहे. कदंब काळातले वीरगळ आणि सतीशिळा तळमजल्यावर आहेत, वर गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांची तैलचित्रे ओळीने लावली आहेत. वेळ कमी पडला तर तैलचित्रे सोडा, वीरगळ सोडू नका. पोर्तुगीज येण्याआधीचा गोवा या सबंध आवारात तिथेच भेटतो.

नुसती चर्चच दिसतात. माणसे राहत होती ती घरे, दुकाने कुठे गेली? (एक वाचक, म्हापसा)

हा प्रश्न मनात ठेवून फिरले तर जुने गोवे जास्त समजते.

२५ नोव्हेंबर १५१० रोजी पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने विजापूरच्या आदिलशहाकडून शहर घेतले आणि पुढच्या शतकात ते पूर्वेकडच्या पोर्तुगीज सत्तेची राजधानी म्हणून भरभराटीला आले. उतरती कळा एका कारणाने लागली नाही. हिवताप आणि पटकीच्या साथी वारंवार आल्या, मांडवीत गाळ साचत गेला, डचांनी समुद्रावरचा व्यापार तोडला. व्हाइसरॉयने आधी शेजारच्या पाणेलीला आणि १७५९ मध्ये पणजीला मुक्काम हलवला. १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. दरम्यान १८३० च्या दशकात धर्मसंघ बरखास्त झाले आणि मोठमोठे मठ एका फटक्यात बेवारस पडले.

आणि घरे? ती पणजीत गेली, हे उत्तर जवळजवळ शब्दशः खरे आहे. ओस पडलेल्या इमारतींचे चिरे काढून नव्या राजधानीच्या बांधकामाला नेले गेले. जे न्यायला कोणी आले नाही ते पावसाने नेले. उपासना चालू राहिली म्हणून काही चर्चवर दर काही वर्षांनी चुना चढत राहिला, छपरे शाकारली गेली. तीच टिकली.

से कॅथेड्रलजवळच्या मोकळ्या पटांगणात उभे राहिलात की आणखी एक न दिसणारी इमारत ध्यानात घ्या. इन्क्विझिशनचा वाडा याच परिसरात होता. १५६० ते १८१२ या काळात, मधली चार वर्षे वगळता, चर्चचे हे धर्मन्यायालय इथे चालले. वाड्याचे आज काही उरलेले नाही. कॅथेड्रलच्या मनोऱ्यात असलेली सोनेरी घंटा, गोव्यातली सर्वांत मोठी, शिक्षेच्या जाहीर समारंभांच्या वेळीही वाजवली जाई. कॅथेड्रलला मनोरे दोन होते. एक १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा बांधला नाही, म्हणून दर्शनी बाजू एकांगी दिसते.

बॉम जेझसला गिलावा का नाही? बाकीची चर्च पांढरी आणि हेच लाल का? आमच्या गाइडने सांगितले की मुळातच तसे बांधले होते. (एक शिक्षिका, फोंडा)

मुळात तसे नव्हते. १५९४ मध्ये काम सुरू झाले, १६०५ मध्ये चर्चची प्रतिष्ठापना झाली, आणि त्यानंतर साडेतीन शतके त्याच्या भिंती चुन्याच्या गिलाव्याखाली होत्या. १९५० च्या सुमारास, पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या काळात, डागडुजी करताना गिलावा काढला. दगड उघडा असला की इमारत अधिक प्राचीन आणि भारदस्त दिसते, असा तेव्हाच्या जीर्णोद्धाराचा विचार होता. दिसते ती भारदस्त, यात शंका नाही. पण दगडाला ते मानवत नाही.

कोकण-गोव्यात घर बांधलेल्या कोणालाही जांभ्याचा स्वभाव ठाऊक असतो. खाणीतून काढताना चिरा मऊ असतो, तासता येतो. हवा लागली की कठीण होतो. मात्र तो सच्छिद्र आहे. पावसाचे पाणी छिद्रांतून आत जाते, आतली मऊ पिवळी-पांढरी माती धुऊन काढते आणि लोहाचा कडक सांगाडा मागे राहतो. दरवर्षी चार महिने हेच. मग पृष्ठभाग मधाच्या पोळ्यासारखा पोकळ होतो आणि कडा झडू लागतात. चुन्याचा गिलावा पाणी अडवायचा आणि भिंतीतला दमटपणा बाहेरही सोडायचा. तो काढला आणि भिंतीचे अंगच उघडे पडले. गिलावा पुन्हा करावा अशी मागणी अलीकडे चर्चच्या बाजूनेही झाली. उलट बाजूचे म्हणणे असे की दोन-तीन पिढ्यांच्या ओळखीचे हे लाल रूप आता वास्तूचाच भाग झाले आहे. आमचे मत विचाराल तर गिलावा हवा. ओळख फोटोत जपता येते, झडलेला चिरा परत येत नाही.

विद्यार्थ्यांना दाखवण्यासारखी एक गोष्ट : दर्शनी भिंतीवर जांभ्याच्या मधूनमधून करडा-काळा, गुळगुळीत, कोरीव दगड दिसतो. खांब, त्यांचे शिरोभाग, सर्वांत वर 'आयएचएस' ही येशूच्या नावाची अक्षरे असलेली चौकट. हा बेसॉल्ट आहे, वसईकडून समुद्रमार्गे आणलेला. जांभ्यात बारीक नक्षी धरत नाही म्हणून नक्षीपुरता परका दगड. चारशे वर्षांनंतर दोन्ही दगड एकाच पावसात भिजत आहेत. बेसॉल्टवरच्या रेषा अजून धारदार, शेजारच्या जांभ्याच्या कडा गोलसर. हात न लावता, तीन-चार फुटांवरून पाहिले तरी फरक कळतो.

आत सेंट फ्रान्सिस झेवियरची समाधी वेदीच्या उजव्या बाजूच्या दालनात आहे. त्यांचा मृत्यू ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळ शांगचुआन बेटावर झाला. पार्थिव १५५४ मध्ये गोव्यात आले. चांदीची पेटी गोव्याच्याच सोनारांनी १६३६-३७ मध्ये घडवली. खालचा संगमरवरी चौथरा मात्र इटलीचा : टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याची भेट, शिल्पकार फोजिनी, १६९८ मध्ये इथे जोडला. पेटी उंचावर असल्याने खालून तिच्यावरचे कोरीव प्रसंग नीट दिसत नाहीत. घरी दुर्बीण असेल तर ती आणाच.

आई ७४ वर्षांची आहे, गुडघे दुखतात. तिला काय दाखवता येईल? (एक वाचक, कोल्हापूर)

से कॅथेड्रल आणि बॉम जेझस, आणि मधे भरपूर विश्रांती. दोन्हींच्या दाराशी पायऱ्या थोड्याच आहेत आणि आत बसायला बाके आहेत. संग्रहालयाचा तळमजला जमेल. वरच्या मजल्याला जिना आहे. टेकडी पायी चढवू नका. सेंट ऑगस्टीनच्या अवशेषांपर्यंत डांबरी रस्ता जातो, तिथे रिक्षा किंवा टॅक्सी उभी करून मनोरा बाहेरून पाहता येतो. अवशेषांच्या आत जमीन उंचसखल आहे, थडग्यांच्या फरशा आहेत, ते टाळा.

पणजीहून टॅक्सी ठरवताना "जाऊन-येऊन, थांबण्यासह" एकच रक्कम आधी बोलून घ्या. तासांचा आकडा स्पष्ट सांगा, टेकडीचेही नाव घ्या. वाद होतो तो नेहमी थांबण्याच्या वेळेवरून. उन्हाची वेळ टाळायची तर सकाळी नऊ ते बारा एवढाच कार्यक्रम ठेवा. मार्च ते मे दमट उकाडा असतो, सावलीतही घाम आटत नाही. माणशी एक लिटर पाणी तेवढ्या तीन तासांना लागते.

कोणता वार टाळावा? डिसेंबरात गर्दी असते का? (एक वाचक, सांगली)

शुक्रवार टाळा, संग्रहालय बंद असते. रविवारी सकाळी मिसा, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक प्रार्थना, असतात. तेव्हा पर्यटक म्हणून आत हिंडणे बरे नव्हे, उशिरा जा. ३ डिसेंबरला झेवियरचे फेस्त, गोंयच्या सायबाचे. आधीचे नऊ दिवस नोव्हेना. त्या दिवसांत वास्तू पाहायला म्हणून येऊ नका, रांगा आणि मांडवच दिसतील. फेस्त अनुभवायला मात्र जरूर या : गावोगावचे लोक पहाटेपासून येतात आणि फेरीत, म्हणजे जत्रेच्या बाजारात, खाजे, चणे, लाकडी सामान, कपडे यांची दुकाने लागतात. दहा वर्षांतून एकदा पार्थिवाचे दर्शन खुले होते. ते नुकतेच नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्ये झाले.

कोणत्याही दिवशी खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. वेदीकडे पाठ करून फोटोसाठी उभे राहू नये, फ्लॅश वापरू नये.

टेकडीवर पडक्या मनोऱ्याशिवाय काही आहे का? चढून जाण्याइतके? (एक वाचक, पेडणे)

आहे, आणि सात चर्चच्या यादीतून चार गाळा पण ही टेकडी गाळू नका. बॉम जेझसपासून दहा-बारा मिनिटांचा सौम्य चढ आहे.

सेंट ऑगस्टीनचा मनोरा ४६ मीटर उंच, चार मजली, सगळा जांभ्याचा. काम १६०२ मध्ये पूर्ण झाले होते. धर्मसंघ गेल्यावर देखभाल थांबली आणि १८४२ मध्ये चर्चची कमानदार छत आत कोसळले. १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला, १९३८ मध्ये आणखी थोडा. आज उभा आहे तो उरलेला भाग. त्यातली घंटा वाचली. ती पणजीच्या चर्चच्या, त्या नागमोडी पायऱ्यांच्या, माथ्यावर आहे. संध्याकाळी पणजीला परतल्यावर ती पाहा म्हणजे दोन्ही शहरांचा धागा जुळेल.

मनोऱ्याखालच्या अवशेषांत जॉर्जियाची राणी केतेवान हिच्या अस्थी होत्या. इराणच्या शाह अब्बासने धर्म बदलायला नकार दिला म्हणून १६२४ मध्ये शिराझला तिचा छळ करून अंत केला. ऑगस्टीनियन पाद्र्यांनी तिच्या अस्थी मिळवून १६२७ मध्ये इथे आणल्या. भारतीय पुरातत्त्व खात्याने उत्खननात सापडलेल्या अस्थींची हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत डीएनए तपासणी करून घेतली, आणि जुलै २०२१ मध्ये भारताने त्या जॉर्जियाला दिल्या. जमिनीवर थडग्यांच्या कोरीव फरशा आहेत, भिंतीच्या तळाशी निळ्या-पिवळ्या टाइल्सचे तुकडे अजून चिकटलेले दिसतात. त्यांवर पाय देऊ नका, मुलांना खरवडू देऊ नका.

तिथून रस्ता ओलांडून पुढे गेले की रोझरी चर्च. १५४० च्या दशकातले, जुन्या गोव्यातल्या सर्वांत जुन्या वास्तूंपैकी एक. लहान, जाड भिंतींचे, चर्चपेक्षा गढीसारखे. अल्बुकर्कने लढाई याच टेकडीवरून पाहिली असे सांगतात. अंगणाच्या कठड्याशी उभे राहिले की खाली मांडवी आणि पलीकडे दिवाडी बेट. सकाळी ज्या धक्क्यावरून सुरुवात केली तो किती जवळ आणि नदी किती रुंद, हे इथून कळते. पावसाळ्यात मात्र जांभ्यावर शेवाळ धरते, साध्या चपला घसरतात. पकड असलेले बूट घाला.

शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार केलेले सप्तकोटेश्वराचे मंदिर त्याच दिवशी होईल का? (एक वाचक, पुणे)

दुचाकी असेल तर होईल, पण मग टेकडी किंवा संग्रहालय यातले एक सोडावे लागेल. आमचा आग्रह दुसरा दिवस काढण्याचा.

कारण ही सहल देवाच्या वाटेनेच करायला हवी. सप्तकोटेश्वर हा कदंब राजांचा देव. मूळ मंदिर दिवाडी बेटावरच्या नार्वे गावात होते. पोर्तुगीजांनी १५४० च्या सुमारास ते पाडले आणि पुढे लिंग नदीपलीकडे डिचोली महालात हलवले गेले. त्या बाजूच्या गावालाही नार्वेच म्हणतात. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार महाराजांनी १६६८ मध्ये, शके १५९० मध्ये, करवला. तसा शिलालेख आहे. राज्य सरकारने केलेल्या जीर्णोद्धारानंतर २०२३ मध्ये मंदिर पुन्हा खुले झाले. आतले लिंग धारालिंग आहे, म्हणजे त्याला उभे पैलू आहेत.

वाट अशी : जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडी. पायी जाणाऱ्याला तिकीट नसते. उतरल्यावर खाजन, म्हणजे खाडीकाठच्या बांधबंदिस्तीच्या, शेतांमधून सरळ रस्ता पिएदादच्या टेकडीकडे जातो. तिथून उत्तरेला उतरून बेटावरचे नार्वे, जुन्या तीर्थाच्या तळीचा परिसर, आणि मग दुसरी फेरी पलीकडे. सगळे मिळून चार तास धरा. चुकते ते फेरीत. दोन फेऱ्यांचे वेळापत्रक एकमेकांशी जुळवलेले नाही, आणि धक्क्यावर पोचेपर्यंत बोट सुटलेली असते. परतीची शेवटची बोट किती वाजता, हे जातानाच खलाशाला विचारून घ्या. फेरी नकोच असेल तर म्हापसा किंवा पणजीहून डिचोलीची बस धरून रस्त्याने नार्वे गाठता येते.

भाड्याची दुचाकी घेताना नंबरप्लेट पाहा : काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे हवीत. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नका, पोलिसांनी अडवले की दंड तुम्हालाच. एकट्याला जवळच्या फेऱ्यांसाठी पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सी, सोयीची पडते.

पणजीत परतल्यावर बस सुटायला दोन तास आहेत. फोंताइन्हास पाहावे का? (एक वाचक, दोडामार्ग)

जरूर. ही पणजीतली जुनी वस्ती. बसस्थानकाकडून पाट्टोचा पूल ओलांडला की ओरे खाडीच्या काठाने पाच-दहा मिनिटांत पोचता. मळा या भागाच्या बाजूला फेनिक्सचा झरा, तिथून मारुती मंदिराच्या पायऱ्या चढल्या की सगळी कौलारू छपरे एका नजरेत येतात. खाली उतरून सेंट सेबॅस्टियनचे चॅपेल. आतल्या क्रुसावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत. हा क्रूस पूर्वी जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या वाड्यात होता. चॅपेल पुष्कळदा बंद असते, मिसेच्या वेळी उघडते.

इथल्या घरांत माणसे राहतात. दाराच्या पायरीवर बसून, खिडकीला टेकून, सायकल मागून घेऊन फोटो काढणाऱ्यांमुळे रहिवासी त्रासले आहेत आणि काही भिंतींवर मनाईच्या पाट्या लागल्या आहेत. रस्त्यावरून चालत, आवाज कमी ठेवून पाहा. भूक लागली असेल तर जवळच्या कुठल्याही जुन्या हॉटेलात पातळ भाजी, पाव आणि मिरची भजी मागवा. पाव संध्याकाळचे ताजे असतात. सावंतवाडी-दोडामार्गकडच्या शेवटच्या गाड्या लवकर भरतात, त्यामुळे सुटण्याच्या अर्धा तास आधी फलाटावर असलेले बरे.